बूड

काही शब्द असे असतात की, चारचौघांत उच्चारले की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. ‘बूड’ हा त्यांतलाच एक. वर्गात घनफळ शिकवताना ‘पिंपाचे बूड वर्तुळाकार आहे’ असे म्हटले की, मागच्या बाकावर हमखास खसखस पिकायची. पस्तीस वर्षे मी कोल्हापुरात गणित शिकवले आणि पस्तीस वर्षे ती खसखस ऐकली. शेवटी शेवटी मी कंटाळून ‘तळ’ म्हणू लागलो. पण तळ म्हणजे बूड नव्हे. तळ विहिरीला असतो, तळ्याला असतो. जे कुठे तरी टेकवायचे किंवा पाण्यावर ठेवायचे, त्याला बूड असते. आणि त्या वस्तूचा सगळा स्वभाव त्या बुडात असतो. ही गोष्ट मला नीट कळली ती वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षी, अमेरिकेत, एका जुन्या होडीत बसून, हातातल्या पिशवीतले भडंग सांभाळता सांभाळता.

मौज अशी की, ती होडी बघायला मी गेलोच नव्हतो. ती विकायला लावायला गेलो होतो.

पण त्याआधी थोडे आमच्या गावच्या पाण्याविषयी सांगितले पाहिजे. आम्हा कोल्हापूरकरांना पाण्याचे वावडे आहे असे कुणी म्हणू नये. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशी पाच नावे पोटात घेऊन पंचगंगा गावाला वळसा घालते. रंकाळ्यासारखा तलाव आहे. पण हे सारे पाणी आम्ही पोहायचे, म्हशी धुवायचे आणि उसाला पाजायचे म्हणून ओळखतो. त्याच्यावर बसून कुठे तरी जावे, हे आमच्या डोक्यात येत नाही. रंकाळ्यावर होडीत बसतात खरे. पण तिथे माणूस जिथे चढतो तिथेच उतरतो. त्याला प्रवास म्हणत नाहीत, हौस म्हणतात.

आमचे खरे तारू म्हणजे काहील. गुऱ्हाळावर उसाचा रस ज्या अवाढव्य कढईत आटवतात, ती. पूर आला, वाट बुडाली, की नदीकाठच्या गावांत ही काहील चुलाण्यावरून उतरते आणि पाण्यात पडते. चार माणसे, दोन शेळ्या आणि एखादे आजारी मूल तिच्यात बसते, आणि दोघे पोहणारे तिला ढकलत नेतात. काहिलीचे बूड रुंद, जवळजवळ सपाट. उभी असेल तर देवघरातल्या पाटासारखी स्थिर. पण जरा जोर लावला की सरळ जाण्याऐवजी गिरकी घेते. तिला नाक नाही नि पाठ नाही; कुठल्या दिशेला जायचे हे तिला कळायचे कसे?

आता बापूकडे येतो. बापू माझा धाकटा भाऊ. मी शाळेत गेलो आणि तो उद्यमनगरात गेला. मॅट्रिकची पायरी त्याला चढता आली नाही, पण लेथवर त्याचा हात असा बसला की, सुताचाही फरक पडायचा नाही. शेतीच्या डिझेल इंजिनाचे भाग करून देणे हा त्याचा धंदा. त्या काळी उद्यमनगरात शिरले की चारी बाजूंनी ती इंजिने चाचणीला लावलेली ऐकू येत. भुक्‌-भुक्‌-भुक्‌ असा तो आवाज बापूला आईच्या अंगाईसारखा वाटत असावा.

1981 साली या बापूच्या डोक्यात होडी शिरली. का शिरली, ते त्याने कुणाला सांगितले नाही. कारखान्याच्या मागच्या बोळात त्याने पत्र्याची अठरा फुटी होडी बांधायला घेतली. दिवसा गिऱ्हाइकाचे काम आणि रात्री होडी. विहिरीवर पाणी उपसायला लावतात तसले पाच हॉर्सपॉवरचे इंजिन त्याने तिच्या पोटात बसवले. मागचा पंखा बाजारात मिळेना, म्हणून त्याचा लाकडी पॅटर्न स्वतः घडवला आणि पितळेत ओतून घेतला. तो पंखा मी पाहिला होता. तीन पाती, आणि तिन्ही अशी वळलेली की, हात फिरवीत राहावे.

पाडव्याच्या सकाळी पंचगंगेच्या घाटावर होडी आणली. नारळ फोडला. होडी पाण्यात सोडली आणि ती अशी झोकात उभी राहिली की, सारा घाट वाहवा म्हणाला. बापू आत उभा राहिला, एका काठावरून दुसऱ्या काठावर चालून दाखवले, तरी ती हलेना. मग त्याने हँडल मारून इंजिन सुरू केले. पुढचे सांगताना आजही माझा घसा कोरडा होतो. होडी पुढे गेली ती पंधरा-वीस हात. मग तिने डावीकडे तोंड फिरवले. बापूने सुकाणू उजवीकडे ओढले, तशी तिने एक पुरी गिरकी घेतली, मग दुसरी. इंजिनाच्या हादऱ्याने पत्र्याचे सांधे उलले आणि पाणी आत आले. तिसऱ्या गिरकीला ती पायऱ्यांपाशी येऊन गुडघाभर पाण्यात बसली. इंजिन मात्र पाणी शिरेपर्यंत भुक्‌-भुक्‌ करीत होते.

घाटावरचे हसू आधी एका कोपऱ्यात उमटले आणि मग पायऱ्यापायऱ्यांनी चढत वर गेले. कुणी तरी ओरडले, “अरे, बापूची काहील!” झाले. ते नाव बापूला पुढे वीस वर्षे चिकटले. होडी त्याने आठवड्याभरात कापून भंगारात घातली. तेवढा पितळी पंखा ठेवला, आणि तो कारखान्याच्या दाराला टेकण म्हणून लावला. त्या दिवसापासून बापूने नवे असे काही केले नाही. काम चोख, बोलणे मोजके, बसायची जागासुद्धा ठरलेली. लोक म्हणत, बापू शहाणा झाला. मीही तेच म्हणत असे.

2019 च्या महापुरात नौदलाच्या आणि बचावपथकांच्या बोटी गावात आल्या, तेव्हा बापू दोन दिवस पुराच्या कडेला उभा होता. आम्हाला वाटले, पूर बघतो आहे. एक बोट दुरुस्तीला रस्त्यावर ओढून उताणी घातली होती. तिच्याभोवती तो दोनदा फिरून आला, हे माझ्या लक्षात आले होते. पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

आता बापूचा मुलगा. त्याला आम्ही बाळ म्हणतो; बाळाला 2023 साली पन्नास पुरी झाली. तो इंजिनियर होऊन अमेरिकेत गेला आणि फ्लॉरिडात, मायामीच्या उत्तरेला समुद्रकाठी स्थायिक झाला. त्याने एक जुनी होडी घेतली, ही बातमी आमच्याकडे सूनबाईच्या फोनवरून आली. घराचे छप्पर गळते आहे आणि ह्यांनी होडीला नवी इंजिने बसवली. रविवार म्हणून घरात दिसत नाहीत. अंगाला कायम डिझेलचा वास. तिचे म्हणणे वाजवी होते. बापू ते ऐकून दोन दिवस जेवला नाही. पुढे मी डिसेंबरात माझ्या मुलीकडे न्यू जर्सीला निघालो, तेव्हा तो कधी नव्हे तो माझ्या घरी आला.

“दादा, तिकडं जाणारच हाईस तर पोराकडं जाऊन ये. आणि तेवढी होडी इकून टाक म्हणावं.”

“अरे, पण तूच सांग की फोनवर.”

“मी न्हाई सांगणार,” बापू म्हणाला. “होडीचं मी सांगितलं तर लोक हसतील.”

चाळीस वर्षांनंतरही!

असा मी वकिली घेऊन बाळाकडे पोचलो. शनिवारी संध्याकाळी तो मला धक्क्यावर घेऊन गेला. शेजारच्या बोटी पांढऱ्याशुभ्र आणि तीन मजली. त्यांच्यात ही आपली बुटकी, रुंद खांद्यांची, एखाद्या तालमीतल्या वस्तादासारखी उभी. नाव बर्ट्राम एकतीस. बाळ म्हणाला, “तात्या, हिच्या जातीची बोट जगात कुठल्याही बंदरात न्या, म्हातारे कोळी टोपी काढतात.” मी मनात म्हटले, बापाने काय कमी टोपी घातली होती गावाला, आता हा काढायला लावतोय.

नवा फ्लॅट दाखवावा तशी त्याने मला ती होडी दाखवली. लांबी 30 फूट 7 इंच, रुंदी 11 फूट 2 इंच. मी लगेच हिशेब केला: चाळीतल्या तीन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर एवढी जागा होते. पण त्या जागेची वाटणी बघून माझ्यातला गणिताचा मास्तर खूश झाला. मागचा जवळजवळ निम्मा भाग मोकळा चौक. कारण मासा ओढायचा तो इथून, आणि मासा ओढणाऱ्याला कोपर हलवायला जागा लागते. त्यापुढे छताखाली दोन मोठ्या पेट्या. मला वाटले, सामानाच्या असतील. उघडल्या तर आत एकेक इंजिन! झाकण लावले की वर गादी टाकून बसायचे. म्हणजे बैठक तीच, कोठार तेच नि इंजिनघरही तेच. आपल्याकडे माजघरातल्या पलंगाखाली पाहुण्यांच्या गाद्या असतात, त्यातलाच प्रकार. वर शिडी चढून गेले की माळ्यासारखी एक जागा आणि तिथे सुकाणूचे चाक. एवढ्या उंचावरून पाण्यातला मासा दिसतो आणि पुढची लाटही दिसते.

राहायची सोय पुढच्या टोकाला. वाकून, डोके सांभाळून खाली उतरायचे. तिथे दोन बाक पायांशी एकमेकांना मिळालेले, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. दोघांनी झोपले तर पायांची आपोआप ओळख होते. एक छोटी शेगडी, बर्फाची पेटी, हात धुवायचे भांडे, आणि एका कपाटाएवढ्या जागेत शौचकूप. “किती माणसं झोपतात?” मी विचारले. “दोघं सुखानं,” बाळ म्हणाला, “चौघं भांडून.” सूनबाई धक्क्यावरूनच म्हणाली, “आणि एक रागावून घरी.” आम्ही तिघेही हसलो, पण तिचे हसू आधी संपले, हे माझ्या नजरेतून सुटले नाही.

रात्री जेवणानंतर त्याने मला ह्या होडीचे घराणे सांगितले. ते ऐकण्यासारखे होते. 1958 साली अमेरिकेत न्यूपोर्टला शिडाच्या नावांच्या मोठ्या शर्यतीची निवड चालली होती. त्यांत रिचर्ड बर्ट्राम नावाचा मायामीचा एक गृहस्थ होता. शिडाच्या नावेतला पट्टीचा खलाशी, आणि धंद्याने बोटींचा दलाल. खवळलेल्या पाण्यातून एक लहानशी मोटरबोट बेधडक पळते आहे, हे त्याने पाहिले. ती रेमंड हंट नावाच्या रचनाकाराची होती. बर्ट्रामने त्याच्याकडून तशीच तीस फुटी लाकडी बोट आखून घेतली आणि बायकोच्या लाडक्या नावावरून तिला ‘मोपी’ म्हणू लागला. 1960 साली मायामीहून बहामा बेटांतल्या नॅसाऊपर्यंतची शर्यत झाली. दीडशे मैलांहून अधिक समुद्र, आणि वारा असा की, पुष्कळांनी मध्येच तोंड फिरवले. मोपी आठ तासांत पोचली. दुसरी बोट सुमारे दोन तासांनी आली, तीही हंटचीच. तिसरी आली ती दुसऱ्या दिवशी.

“मग बर्ट्रामने काय केलं असेल, तात्या?”

“बक्षीस घेतलं असेल.”

“त्या लाकडी मोपीचाच पॅटर्न केला. तिच्या अंगावरून साचा घेतला आणि त्यातून फायबरग्लासच्या बोटी काढायला लागला. 1961 पासून, दोन हजारांच्या जवळपास. ही त्यांतलीच एक.”

‘पॅटर्न’ हा शब्द त्याने अगदी उद्यमनगरी उच्चारला. मी चमकून त्याच्याकडे पाहिले. तो टेबलावर बोटाने तीन पात्यांचा आकार काढीत होता.

रविवारी पहाटे निघालो. सूनबाईही आली, तात्या एकटे कसे जातील म्हणून. खाडीचे शांत पाणी ओलांडून उघड्या समुद्रात आलो आणि बाळाने इंजिने मंद करून गळ सोडायची तयारी चालवली. होडी थांबली मात्र, ती दोन्ही अंगांवर अशी लोळू लागली की, मला आमच्या जोतिबाच्या यात्रेतली सासनकाठी आठवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. भडंगाची पिशवी मी छातीशी धरली. पोटातले सगळे कोल्हापूर वर येऊ लागले. मला आलेला राग मी वकिलीच्या कामी लावला.

“बाळ, ही होडी विक,” मी म्हणालो. “अरे, उभीसुद्धा राहत नाही नीट! तुझ्या बापाची बरी होती. निदान हलत तरी नव्हती.”

बोललो आणि जीभ चावली. त्या विषयाला घरात कुणी हात लावीत नसे.

बाळ रागावला नाही. म्हणाला, “खरं आहे. बाबांची उभी असताना हलत नव्हती. हिचं उलट आहे. उभी राहिली की अशीच लोळते. घट्ट धरून बसा, आता हिला चालवून दाखवतो.”

त्या भागात किनाऱ्यापासून जवळच गल्फ स्ट्रीम नावाचा उबदार प्रवाह उत्तरेकडे धावतो. समुद्राच्या पोटातून वाहणारी नदीच म्हणा. त्यावर उत्तरेचा वारा समोरून आला की, पाणी अडते आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. त्या दिवशी वारा उत्तरेचा होता. बाळाने दोन्ही इंजिनांना ओढ दिली. होडीने नाक वर केले, मग खाली आणले, आणि ती सुटली. समोरून पुरुषभर लाट येताना पाहून मी डोळे मिटले आणि धक्क्याची वाट पाहू लागलो. धक्का आलाच नाही. काही तरी चिरल्यासारखा आवाज झाला, होडी जराशी चढली, उतरली आणि पुढच्या लाटेला भिडली. पाण्याचा एक सपकारा मात्र तोंडावर आला आणि मी डोक्यापासून भिजलो. “ही पाणी उडवते, तेवढा हिचा दुर्गुण,” वरून बाळ ओरडला. त्याचा आवाज मी लहानपणानंतर असा कधी ऐकला नव्हता.

आणि मग मला ते उमगले. आमच्याकडे पोरे पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या टाकतात. जो हात जोडून सूर मारतो, तो आवाज न करता आत जातो. जो पोटावर पडतो, त्याचा आवाज पलीकडच्या काठावर ऐकू येतो आणि पोट चार दिवस लाल असते. पाणी तेच, उंची तीच. सपाट बुडाची होडी प्रत्येक लाटेवर पोटावर पडते. हिचे बूड सूर मारते. दोन्ही पाखी मधल्या कण्यापासून वर चढत गेलेली. आडव्या रेषेशी सुमारे 23 अंशांचा कोन. पुढे धारदार नि मागे सपाट अशा बोटी हंटच्या आधीही होत्या. त्याने ती धार मागच्या टोकापर्यंत तशीच नेली, आणि बुडाला लांबीच्या दिशेने बारीक पट्ट्या दिल्या. त्या पाणी बाहेर फेकतात आणि वेगात होडीला वर उचलून धरतात. म्हणून ती लाटेतही वाट सोडत नाही. भोवरा उभा राहतो तो फिरतो म्हणून. ही स्थिर होते ती चालते म्हणून.

पुढे वारा थोडा पडला. दोन्ही बाजूंना लांब काठ्या पसरून आमिषाच्या दोऱ्या मागे सोडल्या, आणि तासाभराने एक रीळ किंचाळू लागले. बाळाने काठी माझ्या हातात दिली. ओढा, थांबा, सोडा, पुन्हा ओढा. माझे दंड भरून आले. शेवटी चौकात येऊन पडला तो आमच्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ, माझ्या हाताच्या दीडपट. सूनबाईने त्याच्याकडे सराईतपणे पाहून म्हटले, “ह्याचा तांबडा रस्सा होईल.” तेवढ्या क्षणी ती होडीवर रागावलेली दिसली नाही.

परतताना बाळ चाक तिच्या हाती देऊन खाली आला आणि इंजिनाच्या पेटीवर माझ्याशेजारी बसला.

“तात्या, त्या दिवशी घाटावर मी होतो.”

“ठाऊक आहे. आठ वर्षांचा होतास. माझ्याच खांद्यावर होतास.”

“मग तुम्हाला दिसलं नसेल. सगळे हसले तेव्हा मीपण हसलो. मोठ्यांदा हसलो. बाबांनी वर बघितलं. बाकी कुणाकडं नाही, फक्त माझ्याकडं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. “त्यानंतर ते होडीचं कधी बोलले नाहीत. मी इंजिनियर झालो, इथं आलो, ही बोट बघितली, तिच्या बुडाखाली झोपून बघितलं आणि कळलं, बाबांचं काय चुकलं ते. एवढंच चुकलं होतं, तात्या. बाकी सगळं बरोबर होतं. मला ही विकायचीच आहे. तिची तक्रार मला कळत नाही असं नाही. पण आधी बाबांना हिच्यावर एकदा बसवायचंय. तीन वर्षं मी बोलावतोय. ते म्हणतात, गुडघा दुखतो.”

मी काय बोलणार? वकिली तिथेच संपली. सूनबाईला मात्र रात्री सगळे सांगितले. ती रस्सा ढवळता ढवळता थांबली. “हे मला कधी बोलले नाहीत,” एवढेच म्हणाली. दुसऱ्या दिवशी छप्परवाल्याला फोन करताना बाळाला मी पाहिले. दोघांत काही तरी ठरले असावे.

मी परत आलो तो मार्चात. बापू कारखान्यात त्याच्या ठरलेल्या जागेवर होता. पोरगा आता कामे बघत नसला तरी बापू रोज कुलूप उघडून बसतो. मला पाहून त्याने चहा सांगितला, आणि होडी विकली का, हे विचारलेच नाही. म्हणाला, “इंजिन कुठलं हाय?”

“दोन आहेत. डिझेल.”

“आणि बूड?”

हा शब्द ऐकून मी हसलो नाही. लेथवरचा खडू घेतला आणि गुडघे टेकून फरशीवर होडीचा आडवा छेद काढला. आधी बापूच्या होडीचा, सरळ रेघेचा, आणि शेजारी बाळाच्या होडीचा. मधला कणा, दोन चढती पाखी, 23 अंशांचा कोन. आयुष्यभर फळ्यावर त्रिकोण काढले, पण माझ्या आकृतीकडे इतके टक लावून कुणी पाहिले नव्हते. सूर मारणाऱ्या पोराचे उदाहरणही दिले. बापू खुर्चीवरून उठला, गुडघ्यावर हात ठेवीत माझ्यासमोर बसला, माझ्या हातचा खडू घेतला आणि ती पाखी मागच्या टोकापर्यंत ओढून पाहिली.

“मागंपतोर नेलं व्हय,” तो पुटपुटला. “तरीच पळतीय.” मग स्वतःच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाला, “माझं हितं चुकलं बघ.”

मी तेवढ्यात धीर करून बाळाचे सांगितले. तो हसला होता, आणि ते हसू त्याच्या घशात अजून अडकले आहे, हे सांगितले. बापूने मान वर केली नाही.

“हसणारच की,” तो म्हणाला. “आठ वर्षांचं पोर ते. होडी गिरक्या घ्यायला लागल्यावर मलाच हसू येत होतं. पोराकडं बघितलं, म्हटलं, आता हसू या दोघं. तर त्यानं तोंडच पाडलं. मग मलाबी हसता आलं न्हाई.”

बेचाळीस वर्षे हे दोघे एकमेकांच्या चेहऱ्याचा चुकीचा अर्थ लावून बसले होते, आणि मी, घरातला शिकलेला मनुष्य, दोघांच्या मधोमध स्थिर बसून होतो. माझे बूडही सपाटच.

चहा निवला. बापू उठला, दाराशी गेला, टेकण म्हणून ठेवलेला तो पितळी पंखा उचलून आणला आणि माझ्या आकृतीच्या टोकाशी ठेवला. सदऱ्याच्या बाहीने त्याची धूळ पुसली.

“पंखा बरोबर होता पर,” तो म्हणाला. “पंख्यात काय चूक न्हवती.”

“नव्हतीच,” मी म्हणालो.

टेकण निघाल्यामुळे कारखान्याचे दार हळूहळू मिटत आले होते. ते धरायला मी उठलो, तेव्हा पाठीमागून बापूचा आवाज आला.

“दादा, त्या पासपोर्टाला काय काय कागद लागत्यात रं?”